नळी दिसली, प्रवाह दिसेना

१९५१ साली बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये जी. सूर्यन यांचा एक छोटेखानी निबंध छापून आला. विषय होता वाहत्या द्रवातल्या अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद. हा अनुनाद प्रयोगात दिसून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. १९४६ मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांनी तो स्वतंत्रपणे दाखवला होता, आणि त्याबद्दलचे नोबेल मिळायला अजून एक वर्ष होते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली हायड्रोजनची अणुकेंद्रे ठरावीक वारंवारितेच्या रेडिओ लहरी शोषून घेतात, हा त्या शोधाचा गाभा. मात्र लहरींचा मारा चालूच राहिला की केंद्रे संपृक्त होतात आणि त्यांच्याकडून येणारा संकेत मंदावतो. सूर्यन यांनी द्रव नळीतून वाहता ठेवला, तेव्हा संकेत पुन्हा वाढला. संपृक्त झालेली केंद्रे संकेत टिपणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून पुढे निघून जात होती आणि त्यांच्या जागी ताजी केंद्रे येत होती. द्रव वेगाने वाहिला की संकेत मोठा, सावकाश वाहिला की लहान. याचा अर्थ असा की, संकेतातच वेगाची खूण उमटत होती.

हे सारे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतले काम. याच अनुनादाने शरीराच्या आतले चित्र काढता येईल, हे जगाला कळायला अजून बावीस वर्षे होती. एमआरआयच्या इतिहासात प्रवाह आधी आला आणि चित्र मागाहून आले. हृदयरोगाच्या वैद्यकात याच्या नेमके उलटे घडले. तिथे चित्र आधी हाती लागले, आणि ते इतके स्वच्छ होते की त्याने प्रवाहाचा प्रश्न बराच काळ झाकून टाकला.

ते चित्र हाती लागले एका अपघातातून. ३० ऑक्टोबर १९५८. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या रुग्णाच्या महारोहिणीची तपासणी करत होते. क्ष-किरणांत दिसणारा डाय महारोहिणीत सोडायचा होता, पण कॅथेटरचे टोक नकळत सरकून उजव्या हृदयरोहिणीच्या तोंडात जाऊन बसले, आणि सगळा डाय तिच्यात गेला. असे झाले तर हृदय बंद पडणार, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. हृदय खरेच थांबले. सोन्स यांनी रुग्णाला खोकायला सांगितले, खोकल्याच्या दाबाने डाय पुढे ढकलला गेला आणि ठोके पुन्हा सुरू झाले. भीती ओसरल्यावर सोन्स यांच्या ध्यानात आले की जिवंत माणसाची हृदयरोहिणी थेट डाय सोडून पाहता येते. त्यातूनच निवडक करोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. पुढे १९६७ मध्ये त्याच क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास शस्त्रक्रिया रुळवली आणि १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी फुग्याने अरुंद रोहिणी रुंद केली. या दोन्ही उपचारांचा नकाशा एकच होता, अँजिओग्रामची फिल्म. नळी किती अरुंद झाली यावरून ‘सत्तर टक्के’, ‘ऐंशी टक्के’ असे आकडे सांगितले जाऊ लागले, आणि आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ‘ब्लॉकेज किती?’ हा प्रश्न याच आकड्यांत विचारला जातो.

हृदयाच्या स्नायूला मात्र नळीच्या रुंदीशी थेट देणेघेणे नसते. त्याला मिनिटाला किती रक्त मिळते, हा त्याचा प्रश्न. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाच्या हृदयाच्या स्नायूला मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त लागते, म्हणजे हृदय जेवढे रक्त बाहेर फेकते त्याच्या जवळपास पाच टक्के. जिना चढताना, धावताना ही गरज तीन-चार पटींनी वाढते, आणि निरोगी हृदयरोहिण्या ती भागवतात. या वाढीव क्षमतेला प्रवाहाची राखीव शक्ती म्हणता येईल. १९७४ मध्ये लान्स गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयरोहिण्या थोड्या थोड्या आवळत नेऊन या शक्तीचे काय होते ते मोजले. विश्रांतीतला प्रवाह व्यासाच्या सुमारे ८५ टक्के अडथळ्यापर्यंत जागचा हलला नाही. मोठ्या नळीत अडथळा आला की पुढच्या सूक्ष्म वाहिन्या पसरतात आणि तूट भरून काढतात. पण पसरण्याची ही ताकद अशी आधीच खर्च झाली, तर श्रमाच्या वेळी शिल्लक काय राहणार? म्हणूनच कमाल प्रवाह निम्मी वाट बंद होण्याच्या आधीपासूनच घसरू लागला. दुखणे बसल्या जागी लपते आणि जिन्यावर उघडे पडते, त्याचे कारण हे.

गूल्ड यांच्या प्रयोगातल्या रोहिण्या निरोगी होत्या आणि अडथळा एकाच जागी, मोजूनमापून दिलेला होता. माणसाच्या रोहिणीत चरबीचे थर लांबवर, वेडेवाकडे पसरलेले असतात. १९८४ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या कार्ल व्हाइट, मेल्विन मार्कस आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेसाठी छाती उघडलेल्या रुग्णांच्या रोहिण्यांवर ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारा डॉप्लर लावला. रोहिणी काही सेकंद दाबून धरायची, मग सोडायची, आणि सोडल्यावर रक्त किती उसळून येते ते पाहायचे. हे आकडे अँजिओग्रामवर डोळ्यांनी ठरवलेल्या टक्केवारीशी ताडून पाहिले, तर दोघांचा मेळ बसेना. फिल्मवर भयंकर वाटणारे काही अडथळे प्रवाहाला फारसे अडवत नव्हते, आणि किरकोळ वाटणारे काही अडथळे राखीव शक्ती गिळून बसले होते. छाती न उघडता प्रवाह मोजता आला पाहिजे, ही निकड आता नाकारता येण्यासारखी राहिली नव्हती.

त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तोवर बरेच पुढे गेले होते. १९५९ मध्ये बर्कलीच्या जेरोम सिंगर यांनी जिवंत उंदराच्या शेपटीतल्या रक्ताचा वेग चुंबकीय अनुनादाने मोजला. तत्त्व सूर्यन यांच्या प्रयोगासारखेच होते, जुनी केंद्रे जातात आणि नवी येतात. दुसऱ्याच वर्षी, त्याच बर्कलीत काम करणाऱ्या एर्विन हान यांनी वेगळी युक्ती मांडली, तीही रक्तासाठी नव्हे, समुद्राच्या पाण्याची हालचाल ओळखण्यासाठी! चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रे गिरकी घेत असतात. प्रत्येकाचा कोन घड्याळाच्या काट्यासारखा सतत पुढे सरकतो. क्षेत्राची तीव्रता क्षणभर एका दिशेने चढती ठेवली आणि मग तितकाच वेळ तितकीच उतरती केली, तर जागेवर थांबलेल्या केंद्राचा काटा जेवढा पुढे गेला तेवढाच मागे येतो. हलणारे केंद्र दुसऱ्या टप्प्यापर्यंत दुसऱ्या जागी पोचलेले असते, त्यामुळे त्याचा हिशेब पुरता फिटत नाही. कोनाचा जो फरक उरतो, तो त्याच्या वेगाच्या प्रमाणात असतो. आजही एमआरआयमध्ये रक्ताचा वेग मुख्यतः याच तत्त्वावर मोजतात.

१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी पाण्याने भरलेल्या नळ्यांचे पहिले चित्र प्रसिद्ध केले आणि एमआरआयचे युग सुरू झाले. गंमत अशी की सुरुवातीच्या चित्रकारांना वाहते रक्त म्हणजे कटकट वाटे. कुठे ते काळे पडे, कुठे भलतेच उजळे, कुठे रक्तवाहिनीच्या खोट्या सावल्या चित्रभर पसरत. १९८२ मध्ये पॉल मोरन यांनी हान यांची युक्ती चित्रणाशी जोडण्याची रीत मांडली आणि या कटकटीतून मोजमाप काढता येईल हे दाखवले.

ती रीत हृदयाच्या कामाला लावण्यात लंडनचा वाटा मोठा. तिथल्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड लाँगमोर होते. १९६८ मध्ये याच रुग्णालयात ब्रिटनमधले पहिले हृदयरोपण झाले, त्या चमूत ते होते. उपचार हृदय निकामी झाल्यावर होतात, त्याआधीच रोग गाठला पाहिजे, या ध्यासाने त्यांनी हृदयाच्या एमआरआयसाठी स्वतंत्र विभाग उभा केला. १९८६ मध्ये तिथल्या नेलर, फर्मिन आणि लाँगमोर यांनी हृदयाच्या एका ठोक्याचे अनेक टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यावर रक्ताचा वेग दाखवणारी चित्रमालिका तयार केली. करड्या रंगाच्या पार्श्वभूमीवर एका दिशेने जाणारे रक्त पांढरे आणि उलट दिशेने जाणारे काळे. छटांवरून कळणारा वेग वाहिनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून ठोक्याभरच्या सगळ्या टप्प्यांची बेरीज केली की मिलिलिटरमध्ये उत्तर मिळे. त्याची सत्यता तपासायची सोयही शरीरातच होती, कारण निरोगी माणसात महारोहिणीतून आणि फुप्फुसाच्या रोहिणीतून जाणारे रक्त जवळपास सारखेच असावे लागते.

महारोहिणीचा व्यास सुमारे तीन सेंटिमीटर. हृदयरोहिणी त्या मानाने तीन-चार मिलिमीटरची, हृदयाच्या पृष्ठभागावर चिकटलेली आणि प्रत्येक ठोक्याला सेंटिमीटरभर, उजवी तर त्याहूनही जास्त, इकडून तिकडे झोकांडणारी. त्यात श्वासाबरोबर संपूर्ण हृदय वरखाली होते. एमआरआयचे चित्र तर एका क्षणात निघत नाही. त्याच्या रेषा एकेक करून गोळा कराव्या लागतात. एका ठोक्याला एक रेषा घेतली तर चित्र पुरे व्हायला काही मिनिटे जातात, आणि तेवढ्यात माणूस कितीतरी श्वास घेतो. अशा चित्रात हृदयरोहिणी पुसून जाई.

तोड निघाली बोस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये. रॉबर्ट एडलमन, वॉरन मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी १९९१ च्या सुमारास प्रत्येक ठोक्याला एकाऐवजी आठ रेषा घ्यायला सुरुवात केली. मग सोळा ठोक्यांत चित्र पुरे होई, आणि तेवढा वेळ बहुतेकांना श्वास रोखता येतो. १९९३ मध्ये मॅनिंग यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये एमआरआयच्या चित्रांची कॅथेटरच्या अँजिओग्रामशी तुलना प्रसिद्ध केली आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या जगात खळबळ उडाली. कॅथेटर नाही, क्ष-किरण नाहीत, आणि तरी रोहिणी दिसते! त्याच वर्षी या गटाने श्वास रोखून हृदयरोहिणीतला रक्ताचा वेगही मोजून दाखवला. १९९४ मध्ये लंडनहून जेनिफर कीगन आणि फर्मिन यांचा असाच प्रयत्न प्रसिद्ध झाला. डॅलसच्या ग्रेगरी हंडली, रोनाल्ड पेशॉक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १२ जणांच्या हृदयरोहिणीतला प्रवाह आधी एमआरआयने आणि मग रोहिणीच्या आत डॉप्लरची तार घालून मोजला, विश्रांतीतही आणि अडेनोसिन देऊन प्रवाह वाढवल्यावरही. दोन्ही पद्धतींचे आकडे चांगले जुळले. जपानमध्ये मिए विद्यापीठात हाजिमे साकुमा यांचा गट याच मार्गाने जात होता.

आकडे जुळले तरी ते किती पक्के? १९९६ मध्येच अॅमस्टरडॅमच्या मार्क हॉफमन आणि सहकाऱ्यांनी उजव्या हृदयरोहिणीवर हा प्रश्न धसाला लावला. चित्राचा एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा, म्हणजे रोहिणीच्या आडव्या छेदात अवघे तीन-चार ठिपके मावतात. कडेच्या ठिपक्यात निम्मे रक्त आणि निम्मी भोवतालची चरबी असली, तर तो ठिपका कुणाच्या खात्यात धरायचा? रेषा गोळा करताना रोहिणी थोडी सरकली की तिची कड पसरते, नळी आहे त्याहून रुंद दिसते आणि प्रवाहाचा आकडा फुगतो. शिवाय रोहिणी स्वतःच हलत असल्याने मोजलेल्या वेगात तिच्या हलण्याचा वेगही मिसळतो. तो शेजारच्या स्नायूवरून ओळखून वजा करावा लागतो. डाव्या हृदयरोहिणीत रक्त मुख्यतः हृदय सैल पडते तेव्हा वाहते, कारण आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच्याच वाहिन्या पिळून धरतो. म्हणजे मोजायचा काळही ठोक्यातला नेमका टप्पा पकडून साधावा लागतो. या अडचणींवर एकेक उतारे निघाले. मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड एहमन यांनी १९८९ मध्येच शरीराची हालचाल टिपणारा स्वतंत्र संकेत सुचवला होता. तो श्वासपटलावर रोखल्यावर रुग्णाला श्वास रोखून धरायची गरज उरली नाही. श्वासपटल ठरलेल्या जागी असेल तेव्हाच्या रेषा तेवढ्या ठेवायच्या. बर्लिनमध्ये आयके नागल यांच्या गटाने २००३ मध्ये स्टेंट बसवलेल्या रुग्णांच्या रोहिणीतला वेग मोजून दाखवला.

एवढे होऊनही ही तपासणी रोजच्या वापरात रुळली नाही. निष्णात हातांत, सहकार्य करणाऱ्या रुग्णावर, एखाद्या मुख्य फांदीपुरता आकडा मिळे. तिन्ही रोहिण्यांचा पुरा हिशेब मिळत नसे. दरम्यान दोन प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले. कॅथ लॅबमध्ये नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड द ब्राउनी यांनी प्रवाहाचा नाद सोडून अडथळ्याच्या आधीचा आणि पुढचा दाब मोजायची पद्धत बसवली. दाब मोजणे सोपे, आणि कमाल प्रवाह वाहत असताना दोन दाबांचे गुणोत्तर घेतले की अडथळ्याने प्रवाह किती हिरावला याचा अंदाज येतो. २००९ मध्ये १००५ रुग्णांवरच्या फेम चाचणीत, असे मोजमाप करून स्टेंट घातलेल्यांपैकी १३.२ टक्क्यांना वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा उपचार यांना सामोरे जावे लागले. नुसत्या अँजिओग्रामवर विसंबलेल्यांत हे प्रमाण १८.३ टक्के होते. दुसरीकडे सीटी स्कॅन इतका जलद झाला की विनाकॅथेटर हृदयरोहिणीचे चित्र काढायची शर्यत एमआरआय हरला.

पण प्रवाह मोजण्यासाठी रोहिणीतच का उभे राहायचे, हा प्रश्न काही जणांनी आधीच विचारला होता. रक्त रोहिणीतून येते, स्नायूत मुरते आणि नीलांवाटे बाहेर पडते. डाव्या जवनिकेच्या स्नायूतले बहुतेक रक्त परत येताना करोनरी सायनस नावाच्या एकाच मोठ्या नीलेतून जाते. तिचा व्यास हृदयरोहिणीच्या दुपटीहून अधिक. १९९२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या अल्बर्ट फान रॉसम यांनी एमआरआयने या नीलेतला प्रवाह मोजला. त्यावरून कोणती रोहिणी अडली हे कळत नाही, पण संपूर्ण स्नायूला किती रक्त मिळाले ते कळते, आणि डायही द्यावा लागत नाही. राखीव शक्ती सर्वत्रच घटली असेल, तर ती इथे पकडली जाते.

दुसरी वाट स्नायूतून गेली. गॅडोलिनियमचे द्रव्य शिरेतून झपाट्याने सोडायचे आणि ते हृदयाच्या स्नायूत पहिल्या फेरीत कसे उजळत जाते ते ठोक्यागणिक टिपायचे. १९९० मध्ये डेनिस अॅटकिन्सन, डेबोरा बर्स्टिन आणि एडलमन यांनी हे करून दाखवले. ज्या भागाला रक्त कमी, तो काळसर राहतो. या पद्धतीने असे काही दाखवले की जे रोहिणीची नळी पाहून कधीच दिसले नसते. छातीत दुखते, ताणाच्या चाचणीत दोष दिसतो, पण अँजिओग्राम निर्मळ, अशा रुग्णांची, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे, ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून बोळवण होत असे. २००२ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या जोनाथन पँटिंग, डडली पेनेल आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना अडेनोसिन देऊन तपासले, तेव्हा स्नायूच्या आतल्या थराचा रक्तपुरवठा वाढत नसल्याचे दिसले. नळी मोकळी होती. दोष तिच्या पुढच्या, कुठल्याही अँजिओग्राममध्ये न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांत होता. या निष्कर्षावर वाद झाले, तरी वेदना खोटी नसते हे म्हणायला आता वैद्यकापाशी चित्र होते.

उजेड-अंधाराचे आकड्यांत रूपांतर करणे हा शेवटचा टप्पा. डाय दाट असला की संकेत त्याच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून हिशेब चुके. त्यावर अनेक वर्षे घाम गाळल्यावर, २०१७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या पीटर केलमन यांच्या गटाने स्कॅन संपताच रक्तपुरवठ्याचा नकाशा आपोआप तयार करणारी प्रणाली दिली. प्रत्येक ठिपक्यावर आकडा: दर ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त. विश्रांतीत हा आकडा एकच्या आसपास, आणि निरोगी हृदयात अडेनोसिन दिल्यावर सुमारे तिप्पट.

२०१९ मध्ये नागल आणि सहकाऱ्यांच्या एमआर-इन्फॉर्म चाचणीने एमआरआयला थेट कॅथ लॅबच्या दाबमापनासमोर उभे केले. छातीत दुखणाऱ्या ९१८ रुग्णांपैकी निम्म्यांचा निर्णय एमआरआयवर आणि निम्म्यांचा कॅथेटरने मोजलेल्या दाबावर घेतला. एमआरआयच्या गटात ३५.७ टक्के लोकांना स्टेंट किंवा बायपास लागला, दुसऱ्यात ४५ टक्के. वर्षभरात मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचार यांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले, ३.६ आणि ३.७ टक्के. म्हणजे कमी हस्तक्षेप करूनही रुग्णांचे वर्षभरात नुकसान झाले नाही.

एमआरआयने हृदयरोहिणीतला प्रवाह जिंकला, असे मात्र या हकिगतीवरून म्हणता येत नाही. त्या तीन-चार मिलिमीटरच्या, झोकांडणाऱ्या नळीत तो मोजण्याचे काम आजही मोजक्या प्रयोगशाळांच्या पलीकडे गेलेले नाही. यश मिळाले ते नळीचा हट्ट सोडून, रक्त जिथे पोचायचे तिथे आणि जिथून परतते तिथे मोजमाप नेल्यामुळे. आणि हे काम सर्वत्र पोचले आहे असेही नाही. यंत्र महाग, तपासणी लांब, ती वाचणारे तज्ज्ञ थोडे. त्यामुळे बहुसंख्य रुग्णांचा निर्णय अजूनही अँजिओग्रामच्या टक्केवारीवरच होतो. पण तो आकडा हृदयाच्या तक्रारीचा पुरावा नव्हे, नुसता संशय आहे, हे चार दशकांच्या कामाने सिद्ध केले आहे. झटका चालू असताना तर्क करत बसायचे नसते, तिथे रोहिणी तातडीने उघडावीच लागते. ज्याचे दुखणे महिनोन्‌महिने स्थिर आहे, त्याने मात्र स्टेंटला होकार देण्यापूर्वी ‘ब्लॉकेज किती?’ याच्या जोडीला ‘स्नायूला रक्त किती पोचते, ते मोजले का?’ असेही विचारावे. या प्रश्नाला उत्तर मिळण्याची सोय आता झालेली आहे.